मोठ्या, परंतु मंद दीर्घिका



आज आकाशांतील अशा कांहीं वस्तूंविषयीं बोलावयाचें आहे, कीं ज्या आकारानें आपल्या आकाशगंगेच्या तोडीच्या, प्रसंगीं तिच्याहूनहि कितीतरी मोठ्या आहेत, आणि तरीहि त्या आहेत हें मनुष्याला अगदीं अलीकडेपर्यंत नीटसें ठाऊक नव्हतें. त्या लहान होत्या म्हणून नजरेंतून सुटल्या असें नाहीं. त्या फिकट होत्या, इतकेंच.

या विषयाकडे मी वळलों तो एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळें. १९९० सालची गोष्ट. वर्गांत मी दीर्घिका म्हणजे काय तें समजावून देत होतों. अब्जावधि ताऱ्यांचें एक विशाल कुटुंब म्हणजे दीर्घिका. आपली आकाशगंगा ही त्यांतलीच एक. आणि दीर्घिका जितकी मोठी, तितकी ती तेजस्वी, असें मीं फळ्यावर लिहिलें. तेव्हां मागच्या बांकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, एखादी मोठी असूनहि मंद नसेल का?" मीं उत्तर दिलें, "पुस्तकांत तसें नाहीं." मुलगा खालीं बसला. पुस्तकांत तसें नव्हतें हें खरेंच. परंतु आकाशांत तसें होतें, आणि तें तीन वर्षांपूर्वींच, १९८७ सालीं, प्रसिद्धहि झालें होतें. मला तें पुष्कळ वर्षांनीं कळलें. आजचें भाषण म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरां दिलेलें उत्तर आहे.

प्रथम मंद म्हणजे काय, तें नीट समजून घेऊं. कारण येथें दोन गोष्टींची गल्लत होत असते. चिमूटभर रांगोळी घ्या. तिनें अंगणांत एक लहानसें स्वस्तिक रेखाटलें, तर तें उठून दिसतें. तीच चिमूट साऱ्या अंगणभर उधळून दिली, तर अंगण होतें तसेंच दिसेल. रांगोळी तितकीच आहे, ती कोठें गेली नाहीं. पण जागेच्या मानानें ती इतकी विरळ झाली, कीं मातीच्या रंगांतून तिचा पांढरेपणा वेगळा ओळखूं येत नाहीं. दीर्घिकेचेंहि असेंच आहे. तिचा एकंदर प्रकाश किती, ही एक गोष्ट. आणि तो प्रकाश आकाशाच्या केवढ्या क्षेत्रावर पसरला आहे, ही दुसरी. क्षेत्राच्या मानानें वांटणीस येणाऱ्या या तेजाला आपण पृष्ठतेज म्हणूं. पसरलेली वस्तु डोळ्याला किंवा फोटोच्या काचेला दिसते, ती मुख्यतः या पृष्ठतेजाच्या बळावर.

याचा अनुभव आपणांपैकीं कोणालाहि घेतां येईल. कार्तिक-मार्गशीर्षांत, अमावास्येच्या आसपास, गांवाबाहेर काळोखांत उभें राहून सायंकाळनंतर डोक्यावर देवयानी तारकासमूहाकडे पाहावें. तेथें पिंजलेल्या कापसाच्या पुंजक्यासारखा एक लहान, अंधुक ठिपका नुसत्या डोळ्यांनीं दिसतो. ती देवयानी दीर्घिका. ती सुमारें २५ लक्ष प्रकाशवर्षें दूर आहे. आकाशांत तिचा खरा विस्तार पूर्णचंद्राच्या सहापट रुंदीचा आहे. परंतु आपणांस दिसतो तो केवळ तिचा दाट गाभा. भोंवतालची तबकडी डोळ्यांसमोर असूनहि दिसत नाहीं. आतां अशी कल्पना करा, कीं तो दाट गाभा मुळींच नाहीं, आणि सारी दीर्घिका म्हणजे तो न दिसणारा कडेचा भागच आहे. तेथें कांहीं आहे, असें आपणांस स्वप्नांतहि वाटणार नाहीं.

मघांच्या दृष्टांतांत मातीचा जो रंग, त्याच्या जागीं येथें रात्रीचें आकाश आहे. तें अगदीं काळें असतें अशी आपली समजूत असते. परंतु ती खरी नव्हे. वातावरणाच्या वरच्या थरांतील वायु स्वतःच मंद प्रकाश देत असतात, आणि सूर्यमालेंत विखुरलेल्या धुळीवरून सूर्यप्रकाश परतून येत असतो. ज्या दीर्घिकांविषयीं मी बोलत आहें, त्यांचें पृष्ठतेज डोंगरमाथ्यावरील अत्यंत काळोख्या आकाशाच्या तेजाच्या साधारणतः एक-दशांश, आणि पुष्कळदां त्याहूनहि कमी असतें. मग मुंबई-पुण्याच्या दिव्यांनीं उजळलेल्या आकाशाची तर गोष्टच नको.

आतां इतिहासाकडे वळूं. १९७० सालीं ऑस्ट्रेलियांतील ज्योतिर्विद केन फ्रीमन यांनीं चक्राकार दीर्घिकांच्या तबकड्यांचें पृष्ठतेज ताडून पाहिलें, तों बहुतेकींच्या मध्याचें पृष्ठतेज जवळजवळ एकच आलें. निसर्गानें साऱ्या दीर्घिका एकाच मापानें घडविल्या असाव्यात, असें त्यावरून पुष्कळांना वाटलें. १९७६ सालीं ब्रिटिश ज्योतिर्विद माइक डिस्नी यांनीं शंका काढली, कीं हा नियम निसर्गाचा कीं आपल्या नजरेचा? दीर्घिका फारच आटोपशीर असेल, तर ती ताऱ्यासारखी दिसून ताऱ्यांत मोजली जाईल. ती फारच पसरट असेल, तर आकाशाच्या तेजांत बुडून जाईल. मधल्या तेवढ्या आपल्या याद्यांत येतील, आणि मग सगळ्या सारख्याच आहेत असें आपण म्हणूं! शंका बिनतोड होती. परंतु तिला पुरावा पाहिजे होता.

तो पुरावा ऑस्ट्रेलियांतूनच आला. डेव्हिड मॅलिन हे तेथील वेधशाळेंत छायाचित्रणाचे तज्ज्ञ होते. फोटोच्या काचेवरील रासायनिक थरांत अतिमंद प्रकाशाचा ठसा अगदीं वरवर उमटतो. मॅलिन पसरट प्रकाश वापरून त्या काचेची अशी प्रत काढीत, कीं वरचा तेवढा ठसा तीव्र होऊन उतरे. जें काचेवर होतें, पण कोणास दिसत नव्हतें, तें या युक्तीनें दिसूं लागलें. ग्रेगरी बोथन, ख्रिस इम्पी व जेरेमी मोल्ड या ज्योतिर्विदांसह कन्या राशींतील दीर्घिकासमूहांत मंद व खुज्या दीर्घिका हुडकण्याचें काम चाललें होतें. हा समूह आपणांपासून सुमारें साडेपांच कोटि प्रकाशवर्षांवर आहे. १९८६ सालीं त्यांतल्या एका पुसटशा डागाचा वर्णपट घेतला, आणि सारेच चकित झाले. तो डाग कन्या समूहांतला नव्हताच. तो त्याच्या वीसपटींहूनहि अधिक दूर, सुमारें १२० कोटि प्रकाशवर्षांवर होता! इतक्या दुरून जर तो एवढा दिसतो, तर त्याचा खरा आकार केवढा असला पाहिजे? हिशेब केला, तेव्हां त्याच्या तबकडीचा व्यास सहा लक्ष प्रकाशवर्षांच्या घरांत निघाला. आपल्या आकाशगंगेच्या तबकडीचा व्यास सुमारें एक लक्ष प्रकाशवर्षें आहे. खुज्यांच्या शोधांत राक्षस सांपडला! त्या दीर्घिकेला मॅलिन-१ असें नांव मिळालें. पुढें २०१५ सालीं चिली देशांतील साडेसहा मीटरच्या दुर्बिणीनें घेतलेल्या चित्रांत तिच्या विशाल तबकडींतील सर्पिल भुजाहि उघड दिसल्या.

त्यानंतर अशा आणखी दीर्घिका मिळत गेल्या. परंतु या विषयाला खरी भरती आली ती २०१५ सालीं, आणि तीहि एखाद्या प्रचंड दुर्बिणीमुळें नव्हे. पीटर व्हान डोक्कम आणि रॉबर्टो अब्राहम या दोघा ज्योतिर्विदांनीं बाजारांत विकत मिळणारीं, खेळाडूंचे व पक्ष्यांचे फोटो घेणारे लोक वापरतात तसलीं भिंगें एकत्र बांधून न्यू मेक्सिकोंत एक यंत्र उभारलें. अनेक डोळ्यांच्या कीटकावरून त्याला ड्रॅगनफ्लाय, म्हणजे आपला चतुर, हें नांव दिलें. मोठ्या दुर्बिणींत आरशांवरून व मधल्या आधारांवरून थोडाफार प्रकाश इतस्ततः विखुरतो, आणि त्या विखुरलेल्या प्रकाशांतच अतिमंद वस्तु लोपतात. या भिंगांवर विशेष लेप असल्यामुळें तो दोष फार कमी होतो, आणि सर्व भिंगांचीं चित्रें एकावर एक रचलीं म्हणजे अतिमंद वस्तूहि वर येतात. प्रारंभीं भिंगें आठ होतीं. पुढें तीं अठ्ठेचाळीस झालीं.

हें यंत्र त्यांनीं अरुंधतीकेश या तारकासमूहांतील, सुमारें ३२ कोटि प्रकाशवर्षें दूर असलेल्या दीर्घिकासमूहाकडे रोखलें. तेथें त्यांना ४७ फिकट डाग मिळाले. कित्येकांचा विस्तार आकाशगंगेच्या तोलाचा. परंतु तारे पाहावे, तर आकाशगंगेच्या शतांश ते सहस्रांश! या वर्गाला त्यांनीं जें नांव दिलें, त्याचा अर्थ अतिविरळ दीर्घिका असा होतो. त्याच वर्षीं हवाई बेटांवरील सुबारू या जपानी दुर्बिणीचीं पूर्वीं घेतलेलीं चित्रें दुसऱ्या मंडळींनीं तपासलीं, तों त्याच समूहांत अशा ८५४ दीर्घिका निघाल्या. कन्या समूहांतील अशा कांहीं वस्तूंची नोंद तर सँडेज व बिंगेली या ज्योतिर्विदांनीं १९८४ सालींच करून ठेविली होती. म्हणजे वस्तु चित्रांत होत्या, कांहीं याद्यांतहि होत्या. त्यांना वर्ग म्हणून कोणी ओळखलें नव्हतें.

आतां त्या कोठें आढळतात तें पाहूं. पहिलें ठिकाण म्हणजे दीर्घिकांचे दाट समूह. समूह जितका भारी, तितक्या त्या संख्येनें अधिक. येथील अतिविरळ दीर्घिका बहुधा गोलसर व तांबूस असतात. त्यांतले तारे जुने, आणि नवे तारे जन्मास घालावयाला लागणारा वायु जवळजवळ नाहींच. समूहाच्या अगदीं गाभ्यांत मात्र त्या कमी होत जातात. तेथील मोठ्या दीर्घिकांच्या ओढाताणींत इतक्या सैल वस्तूंचा टिकाव लागत नसावा.

दुसरें ठिकाण याच्या अगदीं उलट, म्हणजे समूहांबाहेरचें मोकळें अवकाश. २०१७ सालीं पोर्तो रिकोंतील आरेसिबो रेडिओ-दुर्बिणीच्या पाहणींतून अशा ११५ अतिविरळ दीर्घिका निवडून काढण्यांत आल्या, कीं ज्यांत हायड्रोजन वायु विपुल आहे. त्या निळसर व वेड्यावांकड्या असून त्यांत नवे तारे अजूनहि जन्मत आहेत. आरेसिबोची ती प्रचंड दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजीं कोसळली. परंतु तिनें गोळा केलेली माहिती कामास येत राहिली. मॅलिन-१ सारख्या राक्षसी दीर्घिकाहि बहुधा कमी गर्दीच्या भागांतच आढळतात.

तिसरें ठिकाण तर आपल्या दारांतच आहे. २०१८ सालीं गाया या अंतराळयानाच्या नोंदींतून आकाशगंगेची एक उपदीर्घिका उघडकीस आली. तिचें नांव अँटलिया-२. ती सुमारें सवाचार लक्ष प्रकाशवर्षांवर आहे. दक्षिण गोलार्धांत नुसत्या डोळ्यांनीं दिसणाऱ्या मोठ्या मॅगेलनी मेघाएवढा तिचा विस्तार; परंतु तेज त्याच्या हजारों पटींनीं कमी. शेजारीण शेजारींच होती. आपणांस तिची ओळख तेवढी नव्हती.

या दीर्घिका झाल्या कशा, हा आतां शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. त्याचीं निरनिराळीं उत्तरें पुढें आलीं आहेत.

पहिलें उत्तर उपासमारीचें. दीर्घिकासमूहांत कोट्यवधि अंश उष्णतेचा विरळ वायु भरलेला असतो. एखादी कोंवळी दीर्घिका वेगानें त्यांत शिरली, कीं समोरून येणाऱ्या त्या वायूच्या झोतानें तिचा स्वतःचा वायु उडून जातो. वायु गेला म्हणजे नवे तारे होणें थांबलें. मोठ्या वाड्याचा पाया घालावा आणि चार भिंती होतांच विटा संपाव्यात, तशी तिची स्थिति होते.

दुसरें उत्तर फिरकीचें. प्रत्येक दीर्घिका न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याच्या गोळ्यांत घडते, आणि त्या गोळ्याला जन्मतःच थोडीफार फिरकी असते. लहान मुलीनें गिरकी घेतली म्हणजे परकराचा घेर पसरतो. गिरकी जोराची, तर घेरहि मोठा. त्याचप्रमाणें फिरकी अधिक असेल, तर वायु मध्याशीं न सांचतां दूरवर पसरतो आणि त्यापासून झालेले तारेहि विरळ राहतात. अमोरिस्को व लोब यांनीं २०१६ सालीं हा विचार मांडला.

तिसरें उत्तर स्फोटांचें. मोठे तारे आयुष्याच्या अखेरीस भयंकर स्फोट पावतात. लहान दीर्घिकेंत असे स्फोट पुनःपुनः झाले, तर मधला वायु बाहेर ढकलला जातो. मधलें वजन कमी झालें, कीं गुरुत्वाचा ताबा सुटतो, आणि तारे व कृष्णद्रव्य दोन्ही बाहेरच्या बाजूला सरकतात. पुनःपुनः असें होऊन दीर्घिका फुगते. २०१७ सालीं संगणकावर केलेल्या प्रतिकृतींत हुबेहूब असें घडतांना दिसलें. चौथें उत्तर भरतीचें. चंद्र जसा समुद्राला ओढतो, तशी शेजारची बलाढ्य दीर्घिका दुबळीला ओढून लांबरुंद करते. मॅलिन-१ सारख्या राक्षसी दीर्घिकांसाठीं तर निराळाच विचार करावा लागतो. साध्या मध्यभागाच्या भोंवतीं मागाहून दूरदूरचा वायु येऊन तबकडी वाढली असावी, असें २०१८ सालच्या एका संगणकीय प्रतिकृतीवरून सुचतें.

यांपैकीं खरें उत्तर कोणतें? मला वाटतें, येथें ठिकाणाची माहितीच आपणांस वाट दाखविते. मोकळ्या अवकाशांतील वायुसंपन्न दीर्घिकेला उपासमारीचें उत्तर लागूं पडत नाहीं. तिला फिरकीचें किंवा स्फोटांचें उत्तर अधिक जुळतें. समूहांतील वायुहीन दीर्घिकेला उपासमार आणि भरती हीं जुळतात. कांहीं तर अशा असाव्यात, कीं ज्या मोकळ्या जागीं फुगल्या आणि मागाहून समूहांत पडून वायूला मुकल्या. म्हणजे दिसावयास सारख्या असल्या, तरी त्या सर्व एका कुळांतल्या नव्हेत. निरनिराळ्या वाटांनीं येऊन त्या एकाच फिकट अवस्थेस पोंचल्या आहेत.

त्यांचें वजन हें आणखी एक कोडें. ताऱ्यांच्या किंवा तारकागुच्छांच्या गतीवरून दीर्घिकेचें वजन काढतां येतें. अरुंधतीकेश समूहांतील ड्रॅगनफ्लाय-४४ हिच्यांत ताऱ्यांच्या गतींचें मान सेकंदास ४७ किलोमीटर आलें, आणि २०१६ सालीं असें जाहीर झालें, कीं तिचें वजन आकाशगंगेएवढें असून तें जवळजवळ सगळें कृष्णद्रव्याचें आहे. २०१९ सालीं अधिक बारकाईनें मोजतां तें मान ३३ भरलें. वजन पुष्कळ खालीं आलें, आणि ही दुरुस्ती त्याच शास्त्रज्ञांच्या मंडळींनीं स्वतः प्रसिद्ध केली. उलट २०१८ सालीं एनजीसी-१०५२ या दीर्घिकेच्या परिसरांतील डीएफ-२ या अतिविरळ दीर्घिकेंत कृष्णद्रव्य जवळजवळ नाहींच असें आढळलें. तिचें अंतर चुकलें असावें, असा आक्षेप निघाला. कारण ती जवळ असेल, तर कोडें उरतच नाहीं. २०२१ सालीं हबल दुर्बिणीच्या वेधांवरून तें अंतर सुमारें सात कोटि वीस लक्ष प्रकाशवर्षें आलें, आणि मूळच्या मताला बळकटी मिळाली. दोन वायुयुक्त दीर्घिकांची फार पूर्वीं टक्कर झाली, कृष्णद्रव्य एकमेकांतून आरपार निघून गेलें, वायु मात्र अडखळून मागें राहिला व त्यांतून अशा दीर्घिका झाल्या, अशी एक उपपत्ति २०२२ सालीं मांडण्यांत आली. ती कसोटीला लावण्याचें काम अद्याप चालूं आहे.

या कामांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे, हें सांगावयास मला आनंद वाटतो. तारे विरळ असले, तरी पुष्कळ मंद दीर्घिकांत हायड्रोजन वायु भरपूर असतो, आणि तो २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ-लहरींनीं आपलें अस्तित्व कळवितो. जुन्नर तालुक्यांत खोडद येथें प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ-दुर्बीण आहे. तिनें राक्षसी मंद दीर्घिकांतील या वायूचे वेध घेतले आहेत. जेथें डोळा थकतो, तेथें हा कान उपयोगी पडतो.

कोणी विचारील, एवढ्या दूरच्या फिकट डागांची उठाठेव कशाला? तर अशासाठीं, कीं जग कसें घडलें याचा आपला सारा हिशेब शिरगणतीवर उभा आहे. शिरगणति करणारा केवळ दिवे लागलेल्या घरांतच गेला, तर गांवांत माणसें किती आणि तीं कशीं राहतात, याचीं दोन्ही उत्तरें चुकतील. २०२५ सालच्या जूनमध्यें चिलींतील रुबिन वेधशाळेनें आपलीं पहिलीं चित्रें प्रसिद्ध केलीं. त्यांत कन्या समूहाचेंहि चित्र होतें. मॅलिन-१ प्रथम सांपडली, ती याच समूहाच्या पाहणींत. ही वेधशाळा दक्षिणेचें आकाश पुनःपुनः टिपणार आहे. तीं चित्रें एकावर एक रचलीं जातील, तसतशीं अंधारांतलीं आणखी घरें नोंदींत येतील.

माझ्या वर्गांतला तो मुलगा आतां पन्नाशीच्या जवळ आला असेल. तो कोठें आहे मला ठाऊक नाहीं. कदाचित् आज ऐकतहि असेल. त्याला मला इतकेंच सांगावयाचें आहे: बाळ, तूं विचारलेंस तशी दीर्घिका असते, एक नव्हे, हजारों असतात. त्या दिवशीं मीं तुला पुस्तकांत नाहीं असें सांगितलें. आपण मिळून शोधून पाहूं, असें म्हणावयास पाहिजे होतें.